चक्कर घ्यायची, पण येऊ द्यायची नाही

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आमच्या कथकवर्गाचा कार्यक्रम झाला, त्या रात्री एक आजी विंगेत आल्या. त्यांच्या बारा वर्षांच्या नातीने शेवटच्या तिहाईत, म्हणजे तीनदा म्हटल्या जाणाऱ्या बोलात, २७ चकरा घेतल्या होत्या आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी थांबली होती, की त्यानंतर एक घुंगरूसुद्धा वाजलं नाही. आजींनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली आणि मग माझ्याकडे वळल्या. "ताई, सप्तशृंगीच्या घाटात गाडीने चार वळणं घेतली की मला लिंबू हुंगावं लागतं. हिचं डोकं ठिकाणावर कसं राहतं?"

मागे तबला-पेटी टेम्पोत चढत होती, नाट्यगृह रिकामं करायची घाई होती. "सरावाने हो आजी," एवढं म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंमुर्धं होतं, आणि ते मला घरी येईपर्यंत खुपत राहिलं. हाच प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी पालक विचारतात. म्हणून आता सावकाश, पहिल्यापासून सांगते.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. मराठीत नाचणारी चक्कर घेते आणि आजारी माणसाला चक्कर येते, शब्द एकच. घोटाळा नको म्हणून या लेखात नाचातल्या गिरकीला चक्कर म्हणू आणि डोकं गरगरण्याला घेरी.

वाटी आणि तुळशीची पानं

स्वयंपाकघरातून एक वाटी घ्या. तिच्यात पाणी भरून तुळशीची दोन पानं सोडा आणि वाटी ओट्यावर ठेवून बोटांनी झटकन फिरवा. वाटी फिरली, पण पानं जागच्या जागीच राहिली. पाण्याला वाटीबरोबर निघायला वेळ लागतो. आता वाटी फिरवतच राहा. थोड्या वेळाने पाणी आणि पानंही वाटीच्याच वेगाने फिरायला लागतील. मग वाटी एकदम थांबवा. वाटी थांबली, पण पानं फिरतच आहेत.

घेरीची सगळी गोष्ट या वाटीत आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. मान होकारार्थी हलवली, नकारार्थी हलवली किंवा खांद्याकडे कलवली, अशा तिन्ही दिशांच्या हालचाली टिपायला तीन नळ्या. त्यांत पातळ द्रव असतो आणि प्रत्येक नळीत एका जागी मऊ पडदा आडवा लावलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो आणि पडदा वाकतो. पडद्यात रुतलेले केसासारखे तंतू मेंदूला कळवतात की आपण फिरतोय.

फिरणं एकाच वेगाने चालू राहिलं, तर काही सेकंदांत द्रव नळीच्या वेगाला येऊन मिळतो. पडदा सरळ होतो आणि मेंदूला वाटतं, फिरणं थांबलं. खरी फजिती पुढे होते. शरीर थांबलं तरी द्रव फिरतच राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की आपण आता उलटे फिरतोय. त्या निरोपावर विश्वास ठेवून डोळे एका बाजूला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. म्हणून खोली फिरताना दिसते. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत गोल फिरणाऱ्या घोड्यावरून उतरलेलं पोर बघा. ते झोकांडी खातं ती उतरल्यावर. घोड्यावर असताना मजेत असतं.

आजींच्या घाटाचं कारण याचंच भावंड आहे. गाडीत बसल्यावर डोळ्यांना दिसते समोरची सीट, आणि ती हलत नसते. कान मात्र प्रत्येक वळण नोंदवत असतो. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात, मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून तर खिडकीतून लांब डोंगराकडे बघितलं की बरं वाटतं आणि कसाऱ्याच्या घाटात मोबाइल वाचला की संपलंच.

कानातल्या या यंत्रणेचं कोडं बऱ्याच अंशी सोडवलं व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी या डॉक्टरने. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं तर रोग्यांना घेरी येते, हे त्याच्या लक्षात आलं. गार-गरम पाण्याने नळीतला द्रव सरकतो, असा त्याने माग काढला. या कामासाठी १९१४ चं नोबेल त्याला जाहीर झालं, तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होता.

भिंतीवरच्या टिकल्या

आता नाचाकडे. आमच्या वर्गाच्या समोरच्या भिंतीवर टिकल्यांची एक वाकडीतिकडी रांग आहे. प्रत्येक मुलीने आपापल्या डोळ्यांच्या उंचीवर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. चक्कर शिकवायची ती या टिकलीपासून. टिकलीकडे बघायचं. शरीर वळायला लागलं तरी मान मागे ठेवून टिकलीकडेच बघत राहायचं. मान आणखी वळूच शकत नाही अशी वेळ आली, की झटक्याने ती पूर्ण फिरवून शरीराच्या आधी टिकलीवर परत यायचं. मी मुलींना सांगते, मान शेवटी निघते आणि पहिली पोचते. दिवाळीच्या सुट्टीनंतर उंची वाढलेल्या मुली आपली टिकली उपटून दोन बोटं वर लावतात, आणि त्यांना त्याचा कोण आनंद असतो!

आम्ही याला "नजर धर" म्हणतो, बॅलेवाले स्पॉटिंग म्हणतात. आता वाटीशी ताडून बघा. शरीर अखंड फिरतंय, पण डोकं दर चक्करीत क्षणभर थांबतंय. वाटी थोडी फिरवून लगेच थांबवली, पुन्हा फिरवली, पुन्हा थांबवली, तर पाण्याला वेग पकडायला फुरसत मिळत नाही. शिवाय त्या क्षणभरात डोळ्यांना एक स्थिर खूण मिळते आणि आपण कुठे आहोत हे मेंदूला पुन्हा कळतं.

रंगमंचावर टिकली नसते. समोर अंधार असतो आणि तोंडावर प्रखर दिवे. तिथे प्रेक्षागृहाच्या मागच्या दारावरचा छोटा दिवा कामाला येतो. रंगीत तालमीला मी मुलींना आधी तो शोधायला लावते, नमस्कार नंतर.

हे तंत्र एकेकाळी किती मोलाचं होतं, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिएरिना लेन्यानी ही इटलीची नर्तकी. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला "स्वान लेक" या बॅलेत तिने एकाच पायावर सलग ३२ फुएते घेतले. फुएते म्हणजे एका पायाच्या बोटांवर उभं राहून दुसरा पाय चाबकासारखा बाहेर फेकत घेतलेली चक्कर. रशियन नर्तकींना ते जमत नव्हतं आणि ती हे करते कसं, हेही उमगत नव्हतं. मातिल्दा क्शेसिन्स्काया या रशियन नर्तकीने जिद्दीने ते तंत्र हस्तगत केलं आणि पुढे ३२ चा आकडा त्या भूमिकेला कायमचा चिकटला. नीट पाहिलं तर दर फुएतेला नर्तकी गुडघा वाकवून क्षणभर प्रेक्षकांकडे तोंड करून असते. म्हणजे ती ३२ वेळा थांबते. आपल्याला मात्र तो अखंड भोवरा वाटतो.

टाच, चवडा आणि कोपर

वेगाचंही थोडं सांगते, कारण "ती मध्येच इतकी जोरात कशी फिरायला लागते?" असं पुष्कळजण विचारतात. हात पसरून फिरायला सुरुवात केली आणि मग ते छातीशी घेतले, तर जास्तीचा जोर न लावता वेग वाढतो. फिरणाऱ्या शरीरात साठलेली गती तेवढीच राहते. शरीर आटोपशीर झालं की तीच गती जास्त वेगात उतरते. पदार्थविज्ञानात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, कोपर विसरू नका.

जमिनीशी घासणं जेवढं कमी, तेवढी चक्कर टिकते. बॅलेत चवड्यावर किंवा बोटांवर फिरतात. कथकात आपण डाव्या टाचेवर फिरतो आणि उजवं पाऊल भोवती पडत जातं. आधी पाच पावलांची चक्कर, मग तीन, मग एका पावलाची. जुन्या कथक नर्तकीचा डावा तळवा पाहिलात तर टाचेखाली रुपयाएवढा घट्टा दिसेल. माझ्याही आहे.

आजींची फुगडी

चार दिवसांनी त्या आजी नातीला सोडायला वर्गावर आल्या, तेव्हा मी त्यांना उलटा प्रश्न विचारला. "मंगळागौरीला फुगडी घालायचात ना? तेव्हा घेरी यायची?"

"फुगडीत कसली घेरी! सोडल्यावर यायची."

"आणि घालताना बघायचात कुठे?"

त्या क्षणभर थांबल्या. "समोरचीच्या कुंकवाकडे."

फुगडीत दोघी एकमेकींचे हात धरून मागे रेलतात आणि गरगर फिरतात. घर, पाहुणे, गौरीची आरास, सगळं धूसर होऊन पळत असतं. पण समोरचीचा चेहरा आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्या लेखी तो स्थिर असतो. डोळ्यांना धरायला खुंटी मिळते. टिकली भिंतीवर नसून समोरचीच्या कपाळावर आहे, इतकाच फरक! युरोपातल्या वॉल्ट्झ या नाचात जी जोडपी एकमेकांकडे बघत दालनभर फिरतात, तीही हेच करतात. आपल्या आज्यांनी हे कोणत्याही वर्गात न जाता शिकलं होतं, आणि त्या दिवसापासून मी नव्या मुलींना चकरांच्या आधी फुगडी घालायला लावते.

"मग ते दरवेश कसे फिरतात? ते तर मान फिरवतच नाहीत"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात सूफी कवी मौलाना रूमींची कबर आहे. १७ डिसेंबर १२७३ ला ते गेले. त्यांच्या परंपरेतले मेव्लेवी दरवेश, म्हणजे सूफी साधक, पांढरे घोळदार झगे घालून फिरतात, त्या विधीला समा म्हणतात. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, डोकं किंचित कललेलं, डोळे अर्धवट मिटलेले आणि डाव्या हाताकडे नजर, पण कशावरही न रोखलेली. डावं पाऊल हाच आस. मिनिटामागून मिनिटं ते असेच फिरत राहतात आणि मानेला एकही झटका नसतो.

त्यांनी त्याच कोड्याचं दुसरं उत्तर शोधलं. वाटीची मधली अवस्था आठवा: एकसारख्या वेगाने फिरत राहिलं की पाणीही वाटीबरोबर फिरतं आणि पडदा सरळ असतो. दरवेश वेग हळूहळू वाढवतात, मग तो जराही न बदलता टिकवतात. डोळे कशावरही न रोखल्यामुळे धावती खोली पकडायला ते धडपडत नाहीत. अवघड असतं थांबणं, आणि त्यासाठीच कठोर शिक्षण. पूर्वी शिकाऊ दरवेशाला लाकडी फळीवर उभं करत. फळीत एक खिळा असे. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो धरायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं, म्हणजे पाऊल जागेवरून ढळत नाही. आमच्या घट्ट्यापेक्षा ही तपश्चर्या फार मोठी.

दरवेशांसाठी ती प्रार्थना आहे. प्रार्थनेत प्रेक्षकाकडे वारंवार तोंड करायचं कारण नाही. बॅलेला आणि कथकाला आहे, कारण कथक म्हणजे कथा सांगणाऱ्यांचा नाच. चेहरा लपवून कथा कशी सांगणार? नजर कुठे ठेवायची हे नाच कोणासाठी आहे त्यावरून ठरलं, असं मला वाटतं.

बर्फावरचे स्केटिंगपटूही मानेचा झटका देऊ शकत नाहीत, त्यांचा वेग त्याच्या पलीकडचा आहे. काहींनी मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने गिरकी घेतली आहे. त्यांना थांबल्यावर घेरीची लाट येतेच. ते थांबल्या थांबल्या एका खुणेवर डोळे रोवतात आणि ती लाट जाईपर्यंत ताल सोडत नाहीत. डोक्यावर गरगरणारी ब्रेकिंगची, म्हणजे ब्रेकडान्सची पोरं, ज्यांचा नाच न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७० च्या दशकात जन्मला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच स्पर्धा म्हणून खेळला गेला, त्यांची फिरकी सहसा थोड्या सेकंदांची असते आणि लगेच ते दुसऱ्या हालचालीत शिरतात. पण मान दबण्याचा धोका तिथे खरा आहे. गोदापार्कच्या बाजूला मोबाइलमध्ये बघून फरशीवर डोकं टेकवणारी मुलं दिसली की माझा जीव खालीवर होतो.

नुसती युक्ती, की मेंदूच बदलतो?

मानेची युक्ती सगळं सांगत नाही. मुरलेल्या नर्तकीला डोळे मिटून खुर्चीत बसवून फिरवलं, म्हणजे युक्तीला वावच ठेवला नाही, तर काय होईल? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २९ बॅले नर्तकी आणि तुलनेसाठी त्याच वयाच्या आणि तितक्याच तंदुरुस्त २० नौकानयनपटू मुली. अंधारात फिरत्या खुर्चीवर बसवून फिरवलं आणि खुर्ची थांबल्यावर फिरल्यासारखं किती वेळ वाटतं, ते हाताने एक दांडा फिरवून दाखवायला सांगितलं. नर्तकींची ती भावना लवकर विरली. मेंदूच्या चित्रात दिसलं की कानाकडून येणारे संदेश घेणारा लहान मेंदूतला एक भाग नर्तकींमध्ये आकाराने कमी होता.

सोप्या भाषेत, कान ओरडत राहतो आणि मेंदू त्याचं ओरडणं मनावर घेत नाही. रेल्वेरुळांजवळ, देवळाली कॅम्पात राहणाऱ्याची झोप गाडीच्या आवाजाने मोडत नाही, तसंच काहीसं. आवाज असतोच, तो धोक्याचा नाही हे घरच्यांना कळलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, कशावरून सरावाने मेंदू बदलला? ज्यांचा मेंदू आधीच तसा होता त्याच नर्तकी झाल्या असतील. शंका योग्य आहे, आणि एकदाच केलेल्या तुलनेतून ती पुरती मिटत नाही. पण वर्गात मी जे बघत आले आहे ते सरावाच्या बाजूचं आहे. जूनमध्ये तीन चकरांनंतर भिंतीला हात टेकणारी मुलगी जानेवारीत नऊ घेते. आणि दोन-तीन महिने आजारपणात गेले तर पुन्हा तीनवर येते, माझ्यासकट.

"माझ्या मुलीला घेरी येते. तिने कथक सोडावं का?"

मुळीच नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच येते. रोज थोड्या चकरा घ्याव्यात, मळमळायच्या आधी थांबावं, भरल्या पोटी घेऊ नयेत. आठवड्यातून एकदा ५० घेण्यापेक्षा रोज दहा बऱ्या, कारण मेंदूला शिकवणी रोजची लागते. घेरी येऊ नये म्हणून आपल्या मनाने गोळी देणं तर पूर्ण चुकीचं: अशा बऱ्याच गोळ्या कानाचा संदेशच दाबतात, आणि ज्या संदेशाशी जुळवून घ्यायला मेंदूला शिकवायचं तोच दाबला तर शिकणार काय?

मात्र कूस बदलल्यावर किंवा उठून बसल्यावर घेरी येत असेल, कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर तो नाचाचा विषय नाही; कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. मोठ्या माणसांत एक नेहमीचं कारण म्हणजे आतल्या कानातले अगदी बारीक कण जागा सोडून या नळ्यांत शिरणं. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागी नेतात, आणि अनेकांना त्याने लवकर आराम पडतो.

"चकरा जास्त तितकी नर्तकी मोठी ना?"

याचं उत्तर देताना माझा आवाज चढतो. मागे एका स्पर्धेत मी आठ वर्षांच्या मुलींना आकड्यासाठी फिरताना पाहिलं. निवेदक माइकवर मोजत होता, पालक टाळ्या वाजवत होते, आणि एका मुलीची मान कधीच शरीराबरोबर लटकत फिरायला लागली होती. ती थांबली तेव्हा तिचे डोळे एका बाजूला सरकत होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. तिला प्रमाणपत्र मिळालं. तिने त्यानंतर विंगेत ओकारी काढली, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसलं नाही.

कथकात चक्कर घ्यायची ती तालाच्या हिशोबात. एक बोल तीनदा म्हणून समेवर यायचं ही तिहाई. तिच्यात नऊ-नऊच्या तीन फेऱ्या बसवल्या की २७ होतात. आकडा तालातून निघालेला आहे. बिरजू महाराजांचं नाचणं ज्यांनी पाहिलं, त्यांच्या लक्षात राहिलं ते समेवरचं येणं आणि त्यानंतरची शांतता. पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू करून रोहिणी भाटे यांनी मराठी घरांत कथक रुजवलं, ते काव्याच्या आणि अभिनयाच्या बळावर.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यक्रमाला बसाल तेव्हा चकरा मोजताना पायांकडे बघू नका. चेहऱ्याकडे बघा. दर फेरीत तो लख्ख समोर दिसतो का? आणि थांबल्यावर डोळे स्थिर आहेत का? त्या रात्री कडेला बसून पढंत करताना, म्हणजे बोल म्हणताना, मी आजींच्या नातीचं तेच बघत होते. एकोणिसाव्या चक्करीला तिची मान जरा उशिरा आली. विसाव्या चक्करीत तिने ती पकडून घेतली.